तिरंगी ध्वजाशेजारचे पिवळे जहाज

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून जेमतेम 25 किलोमीटरवर फ्रान्सची हद्द लागते. सां पिएर आणि मिकलाँ ही सुमारे 242 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाची बेटे म्हणजे उत्तर अमेरिकेतील एकेकाळच्या अफाट फ्रेंच साम्राज्याचा तेथे उरलेला अखेरचा तुकडा. येथील अधिकृत ध्वज निळा-पांढरा-लाल, कारण 1958 च्या राज्यघटनेने साऱ्या फ्रेंच प्रजासत्ताकाचे राष्ट्रचिन्ह म्हणून तोच ठरवला आहे.

बेटाची ओळख सांगणारा ध्वज मात्र निराळा आहे आणि त्याला कायद्याची मान्यता नाही. निळ्या पटावर पांढऱ्या लाटांवरून जाणारे पिवळे जहाज म्हणजे ‘ग्रांद एर्मिन’. दर्यावर्दी जाक कार्तिये 1536 च्या जूनमध्ये कॅनडाहून मायदेशी परतताना या बेटांपाशी थांबला होता, त्याची ही आठवण. काठीलगत एकाखाली एक तीन चौकोन आहेत: वर फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क लोकांचे लाल पटावरील हिरवे-पांढरे क्रूस, मध्ये फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताची पांढऱ्यावरील काळी चिन्हे आणि तळाशी नॉर्मंडीचे दोन सोनेरी सिंह. कॉड मासळीच्या मागे अटलांटिक ओलांडून आलेल्या कोळ्यांचे हे तीन मुलूख.

या साऱ्यामुळे ध्वज शतकानुशतके जुना वाटतो. पण त्यातला बास्क ध्वजच मुळी 1894 मध्ये तयार झालेला आहे. या ध्वजाच्या रचनेचे श्रेय सहसा आंद्रे पातुरेल या स्थानिक व्यावसायिकाला दिले जाते. हा ध्वज फ्रान्सपासून फुटून निघण्याची भाषा बोलत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. 24 डिसेंबर 1941 रोजी ॲडमिरल म्युझलिए यांच्या स्वतंत्र फ्रेंच नौदलाने नाझी जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या विशी राजवटीकडून ही बेटे ताब्यात घेतली, तेव्हा वाद फ्रान्स हवा की नको असा नव्हता, तर खरा फ्रान्स कोणता, असा होता.

तीन चौकोनांपैकी बास्क चौकोनाला जिवंत आधार आहे: सां पिएर गावात 1906 मध्ये बांधलेली पेलोटा या बास्क चेंडूच्या खेळाची भिंत अजून उभी आहे. उणीव आहे ती चौथ्या चौकोनाची. ब्रिटिशांनी 1755 पासून हाकलून लावलेल्या अकेडियन लोकांपैकी (आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांपैकी) काही कुटुंबे 1763 नंतर मिकलाँवर वसली, आणि तेथील आजच्या वस्तीत त्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा 1884 चा ध्वज म्हणजे फ्रान्सचाच तिरंगी ध्वज, निळ्या पट्ट्यावर पिवळा तारा असलेला. पण जहाजाच्या ध्वजावर त्याला जागा मिळालेली नाही.