मसाल्याआधी काढलेला तुकडा

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात चिकन शिजतंय. ओट्याखाली, मान वर करून बसलेलं मांजर.)

मांस शिजायला लागलं की घरातलं मांजर कुठेही झोपलेलं असो, स्वयंपाकघरात हजर होतं. पायांत घुटमळतं, ओरडतं, मागच्या पायांवर उभं राहून ओट्याचा अंदाज घेतं. त्याला एक घास द्यावासा वाटतो. तो देताही येतो. मात्र मीठ, मसाला, कांदा, लसूण पातेल्यात पडण्याआधी त्याचा तुकडा बाजूला काढायला हवा. आणि तो तुकडा खाऊपुरताच राहायला हवा, त्याचं रोजचं जेवण बनता कामा नये.

आधी कांद्याविषयी, कारण सगळ्यात जास्त गाफीलपणा इथेच होतो. कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्यातली गंधकाची संयुगं मांजराच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात. माणसाच्या तुलनेत मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत फार नाजूक असतं. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे तांबड्या पेशींच्या कडेला साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशा पेशी फुटतात किंवा शरीरच त्या मोडीत काढतं, आणि मांजराच्या अंगातलं रक्त कमी होत जातं.

वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा एवढ्यानंसुद्धा हे घडू शकतं. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम पुरतो. शिजवल्यानं किंवा तळल्यानं त्यातलं विष जात नाही. वाळवून केलेल्या पुडीत पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ती चिमूटभरही जास्त भरते. लसूण तर वजनाला वजन कांद्याहून जहाल. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी त्यात मुरलेलं मुरलेलंच राहतं.

(दृश्य : बाळाच्या अन्नाची बरणी. तिच्यावरची घटकांची यादी जवळून.)

आजारी मांजर काहीच खात नाही, तेव्हा त्याला बाळांसाठीचं मऊ मांसाचं अन्न चाटवण्याची पद्धत आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कांद्याची पूड असलेलं असं अन्न खाणाऱ्या मांजरांच्या रक्तात हाइन्झ बॉडीज वाढलेल्या आढळल्या. जे मांजर आधीच अशक्त आहे त्याच्याच तोंडात हे जायचं, म्हणून बरणीवरची बारीक अक्षरं वाचायला आळस करू नका. तयार सूप, सॉसेज, पाकीटबंद रस्सा यांनाही हेच लागू आहे.

मग नुसतं उकडलेलं चिकन रोज दिलं तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मांजराच्या शरीरातच आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य माणसाचं शरीर स्वतः बनवतं, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांतला पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मांजरांमधला एक जीवघेणा हृदयविकार टॉरिनच्या अभावामुळे होतो आणि टॉरिन दिल्यावर हृदय पुन्हा सावरू शकतं. ही मांजरं उपाशी नव्हती. बाजारातलं तयार खाद्य खात होती. त्यानंतर खाद्यांमधलं टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं.

चिकन भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं, तर बरंचसं टॉरिन त्या पाण्याबरोबर जातं. म्हणून कमी पाण्यात शिजवावं आणि ते पाणीही मांजराला द्यावं. तरीही नुसत्या मांसाची एक उणीव भरून निघत नाही, ती कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जेमतेम. वाढत्या पिल्लाला फक्त मांसावर ठेवलं, तर त्याचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. छोटीशी उडी मारली तरी पाय मोडावा, इतकी हाडं ठिसूळ होतात. हे प्रेमापोटी घडतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. घरचंच अन्न पूर्ण वेळ द्यायचं असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून मोजमापासह कृती लिहून घ्या, आणि तिच्यात मनानं फेरफार करू नका.

(दृश्य : बशीतलं दूध.)

दूध. चित्रांत आणि गोष्टींत मांजरासमोर कायम दुधाची बशी असते. आईचं दूध सुटल्यावर मात्र बहुतेक मांजरांत दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी होत जातो, आणि मग पोट बिघडतं. काहींना थोडं पचतं. गरज मात्र कुणालाच नसते. बशीत स्वच्छ पाणी ठेवा.

मासा चालतो, पण शिजवलेला, काटे काढलेला, आणि अधूनमधून. काही कच्च्या माशांतलं विकर थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. ते फार कमी झालं की मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. अंडं पूर्ण शिजलेलं द्यावं. कलेजी मांजरांना जीव की प्राण, पण ती रोज मिळत राहिली तर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना जखडतात. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात, ती कधीच देऊ नका. चॉकलेट, मद्य, कणकेचा फुगणारा कच्चा गोळा, द्राक्षं, मनुका : यांतलं काही नाही. गोड पदार्थ देण्यात तर त्याला आनंदही नाही, कारण मांजराला गोड चवच कळत नाही. ती ओळखणारं त्याचं जनुक निकामी झालेलं आहे.

कच्चं मांस निसर्गाला धरून आहे, असं आवर्जून सांगितलं जातं. २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूच्या साथीत कच्चं दूध आणि कच्चं मांस पोटात गेलेली मांजरं दगावली. मी तरी शिजवूनच द्या म्हणेन.

आता प्रमाण. ४ किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहाव्या भागात बसवायचा, म्हणजे २० ते २५ कॅलरी. उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे दोनेक तुकडे, बस्स. चीजचा ३० ग्रॅमचा तुकडा त्याच्या अर्ध्या दिवसाच्या जेवणाइतका होतो.

(दृश्य : दवाखान्याचं टेबल. डॉक्टर मांजराच्या हिरड्या तपासताहेत.)

आणि चुकून कांद्याचं काही खाल्लंच तर? लक्षणांची वाट पाहू नका, ती काही दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, धाप लागते, मांजर मलूल होतं. घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नका, त्या मिठाचीच विषबाधा होऊ शकते. लगेच पशुवैद्यांना फोन करा. काय खाल्लं, अंदाजे किती, कधी, आणि मांजराचं वजन किती, हे त्यांना सांगा. पदार्थाचं वेष्टन असेल तर जाताना सोबत न्या.