छतावरून उडणारी एअरलाइन

हा तुटलेला शाफ्ट बघा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडनं मागून आणलाय. तुटलेल्या जागी नीट बघितलं तर अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा, आणि उरलेला खरखरीत, दाणेदार. गुळगुळीत भागात क्रॅक रोज थोडा थोडा सरकत होता, कुणाला पत्ता नाही, आणि दाणेदार भाग एका झटक्यात गेला. आपल्या टर्नर, फौंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, मटेरियल दमलं की असंच होतं.

आता गोष्ट न्यूयॉर्कची. समजा उजळाईवाडीला विमानातनं उतरलात आणि तिथनंच हेलिकॉप्टर पकडून थेट बिंदू चौकातल्या एखाद्या इमारतीच्या छतावर, तशी सर्व्हिस तिथं खरोखर होती. न्यूयॉर्क एअरवेज. १९५२ ला आधी टपाल सुरू केलं, जुलै १९५३ पासून माणसं न्यायला लागले, ला-ग्वार्डिया, आयडलवाइल्ड म्हणजे आजचं केनेडी, आणि नेवार्क, या तिन्ही विमानतळांमध्ये. १९५७ मध्ये इथंच पेरी यंग उडवायला लागले, अमेरिकेच्या नियमित प्रवासी एअरलाइनमधले पहिले कृष्णवर्णीय पायलट, आणि मला ही या कंपनीची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

पण हेलिकॉप्टर म्हणजे खर्चाचं मशीन. फिरणारे पार्ट इतके की तास मोजून बदलावे लागतात, आणि सीटा मोजक्या, त्यामुळं सरकारी अनुदानावरच गाडा चालायचा. १९६५ ला ते अनुदान बंद झालं, मग पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए या मोठ्या विमान कंपन्यांनी हात दिला. त्याच वर्षी डिसेंबरात पॅन ॲमच्या ५९ मजली बिल्डिंगच्या छतावर हेलिपोर्ट सुरू झाला, तिथनं केनेडी दहाएक मिनिटांत! १९६८ ला तो बंद पडला आणि १९७७ च्या फेब्रुवारीत परत चालू केला.

१६ मे १९७७, संध्याकाळ. सिकोर्स्की एस-६१ छतावर उभं, पंखा फिरताच ठेवलेला, पॅसेंजर चढतायत. उजव्या चाकाच्या लँडिंग गिअरचा एक पार्ट आतनं दमलेला होता, तो तुटला आणि अख्खं हेलिकॉप्टर कुशीवर कलंडलं. पंख्याच्या पात्यांनी छतावरची चार माणसं गेली. आणि पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर पडला, एक ब्लॉक पलीकडं एक बाई चालत चालली होती, तीपण गेली. तिचा त्या हेलिकॉप्टरशी काहीच संबंध नव्हता हो, हेच मला सारखं आठवत राहतं.

तपासात तेच निघालं जे या शाफ्टमध्ये दिसतंय.

छत कायमचं बंद झालं, पण कंपनी विमानतळांमध्ये उडत राहिली. १८ एप्रिल १९७९ ला नेवार्कमध्ये आणखी एक एस-६१ पडलं, या वेळी शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, तिघं गेले. पुढच्याच महिन्यात कंपनीनं दिवाळं जाहीर केलं.