तेल, पाणी आणि पॅलेडियम

(चंबू, अगदी जवळून. चुंबकी कांडी बंद.)

तळाशी बसलेले हे थेंब नीट पाहा. ब्रोमोअ‍ॅनिसोल, आपल्या कच्च्या मालातला एक. पाण्यापेक्षा जड, स्वभावाने तेलकट, पाण्यात न मिसळणारं. त्याच्यावर पांढऱ्या भुकटीचा थर आहे, तो फिनाइलबोरॉनिक आम्लाचा. आता सिरिंजमधून ट्रायएथिलअमीन जाईल. याचा वास सडक्या मासळीसारखा असतो. कॅमेऱ्याला वास टिपता येत नाही हे बरंच आहे. शेवटी चिमूटभर नारिंगी-तपकिरी पूड. तो पॅलेडियम या धातूचा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ. चंबूच्या तोंडावर नायट्रोजन भरलेला फुगा, कारण हवेतला ऑक्सिजन इथे नको.

(कांडी फिरू लागते.)

काही मिनिटांतच सगळं दुधासारखं होतं. खाली शेगडी नाही. खोलीच्या तापमानाला, पाण्यात, दोन रेणूंमधले कार्बन अणू एकमेकांना जोडले जात आहेत. ही सुझुकी अभिक्रिया. २०१० सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात हिचा वाटा होता. हीच जोडणी एरवी टोल्यूइन किंवा डायमिथाइलफॉर्मामाइडसारख्या विद्रावकात, म्हणजे पदार्थ विरघळवून घेणाऱ्या द्रवात, बहुतेक वेळा तापवून करतात.

(पिंपांची रांग. पंपाचा आवाज तसाच ठेवावा.)

औषध बनवताना जो माल लागतो, त्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा औषधाचा नसतो, कच्च्या मालाचाही नसतो. तो विद्रावकाचा असतो. आणायचा, वापरायचा, ऊर्ध्वपातन करून परत मिळवायचा, उरलेला जाळायचा. पेट घेणारा, श्वासातून शरीरात जाणारा हा द्रव शेवटी औषधाच्या गोळीत जवळजवळ नसतोच.

मग पाणी का नाही वापरलं? कारण शिकवणच तशी होती. विरघळल्याशिवाय पदार्थ अभिक्रिया करत नाहीत, हा जुना नियम. आणि सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. विषय संपला. शिवाय पाणी लागलं की कित्येक उत्प्रेरक निकामी होतात, म्हणून भांडीसुद्धा भट्टीत वाळवून घ्यायची.

(फळ्यावर हाताने काढलेली आकृती.)

या समजाला मोठा तडा १९८० साली गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो सायक्लोपेंटाडाइनची डील्स-आल्डर अभिक्रिया, म्हणजे दोन रेणू जोडून कडं बनवणारी अभिक्रिया, तपासत होते. आयसोऑक्टेन या तेलकट विद्रावकात तिचा जो वेग, त्याच्या सातशेपटींहून जास्त वेग पाण्यात मिळाला. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलकट रेणू मधे आले, की पाणी त्यांना दाटीवाटीने एका कोपऱ्यात ढकलतं. ज्यांना भेटायचं होतं ते आपोआप शेजारी येतात. म्हणजे पाण्याचा जो नकार अडचण म्हणून शिकवला जात होता, तोच इथे कामाला आला.

१९९१ मध्ये जपानचे शू कोबायाशी यांनी इटर्बियम धातूचं ट्रायफ्लेट पाण्यातही आपलं काम करतं हे दाखवलं. हे एक लुईस आम्ल, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेऊन अभिक्रिया घडवणारा पदार्थ. पाणी आणि लुईस आम्ल यांचं हाडवैर असतं, हे तोवर गृहीतच होतं.

आणि २००५. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बॅरी शार्पलेस आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. क्वाड्रिसायक्लेन आणि एक अ‍ॅझो संयुग, या दोन पदार्थांची जोडणी. टोल्यूइनमध्ये १२० तासांहून जास्त, मिथेनॉलमध्ये १८ तास, विद्रावकच नसेल तर ४८ तास. पाण्यावर नुसतं तरंगत ठेवून जोरात ढवळलं, तर १० मिनिटं. यात उत्प्रेरक नव्हता, ते खरं. पण विरघळण्याची अट मात्र तिथे गळून पडली.

(पुन्हा चंबू. दुधी रंगावर कॅमेरा थांबतो.)

आपल्या चंबूत पाण्याला एक सोबती आहे, वजनाने फक्त २ टक्के. नाव टीपीजीएस-७५०-एम. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे ब्रूस लिपशुट्झ यांच्या गटाने तो मांडला. एका टोकाला ई जीवनसत्त्व, ते तेलाकडे ओढलं जाणारं. दुसऱ्या टोकाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी, तिला पाणी प्रिय. साबणाचीच युक्ती. असे असंख्य रेणू तेलकट टोकं आत वळवून गोळे करतात, डोळ्यांना न दिसणारे, पन्नास-साठ नॅनोमीटरचे. अभिक्रिया या गोळ्यांच्या पोटात होते. जागा एवढीशी, त्यामुळे गर्दी भरपूर आणि उष्णतेची गरज कमी. याच गटाने २०१५ मध्ये लोखंडाच्या नॅनोकणांत दहा लाखांत काही शे भाग एवढंच पॅलेडियम ठेवून हीच जोडणी करून दाखवली.

कारखान्यात हे चालेल का, असा प्रश्न येतोच. जर्मनीत ओबरहाउझेन इथे १९८४ पासून प्रोपीन वायूचं ब्युटिराल्डिहाइड हे रसायन होतंय. र्‍होडियम धातूचा उत्प्रेरक पाण्यात विरघळून खाली, माल तेलासारखा वर. वरचा थर काढून घ्यायचा, खालचा पुन्हा वापरायचा.

(ढवळणं थांबतं. गाळणी, निर्वात पंप.)

आता हे बघण्यासारखं आहे. पाणी खाली ओढलं जातं आणि कागदावर उरतो पांढरा, किंचित चमकदार थर. मेथॉक्सिबायफिनाइल, म्हणजे आपल्या जोडणीतून तयार झालेला पदार्थ. काचपट्टीने खरवडला की खडूसारखा भुगा पडतो. उत्पादन घन असेल तरच काम इतकं सोपं होतं. तेलकट असेल तर थोडं एथिल अ‍ॅसिटेट लागतं, आणि शेवटी उरणारं पाणी धातू नि क्षार काढल्याशिवाय सोडता येत नाही.

(गाळलेलं पाणी परत चंबूत.)

गोळे अजून या पाण्यातच आहेत. सिरिंज पुन्हा भरली जाते. तेलकट थेंब तळाशी जातात, क्षणभर तिथेच थांबतात. कांडी फिरते आणि थेंब दिसेनासे होतात.