सोळा किलो दगड

नमस्कार, श्रोतेहो. बाहेर वैशाखाचे ऊन तापले आहे, घरोघरी कूलर सुरू आहेत, आणि अशा दुपारी मी नागपूरकरांना अंटार्क्टिकाविषयी सांगणार आहे. ध्रुवप्रदेशात शास्त्रज्ञ गेले, तसे चित्रकारही गेले. एडवर्ड विल्सन मात्र डॉक्टर, निसर्गअभ्यासक आणि चित्रकार असे तिन्ही होते, म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलतो.

ब्रिटिश संशोधक कॅप्टन स्कॉट यांच्या १९१० सालच्या अंटार्क्टिका मोहिमेत विल्सन शास्त्रीय विभागाचे प्रमुख होते. उघड्यावर जलरंग गोठत, म्हणून ते पेन्सिलीने रेखाटन करीत, आकाशाच्या कोणत्या भागात कोणता रंग आहे हे त्यावरच शब्दांत लिहून ठेवीत आणि तळावरच्या लाकडी घरात परतल्यावर ते चित्र रंगवीत. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांचा चित्रकलेचा तास आपण सर्वांत आधी काढून घेतो, याची मला फार खंत वाटते, कारण ज्याने पान काढले आहे, त्याने ते पान खरोखर पाहिलेले असते.

आता जी हकिगत सांगण्यासाठी मी आलो आहे, ती ऐका. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेव्हा नॉर्वेचे अमुंडसेन तेथे महिन्याभरापूर्वीच येऊन गेले होते. परतीच्या वाटेवर ८ फेब्रुवारीला बियर्डमोर हिमनदीच्या काठी, माउंट बकलीच्या पायथ्याशी वारा मंदावला. इव्हान्स यांची प्रकृती ढासळत होती, अन्न मोजके होते, तरीही स्कॉट यांनी उरलेला दिवस दगड पाहण्यासाठी दिला. तेथील कड्यांमध्ये कोळशाचे थर होते, आणि विल्सन यांना कोळशाच्या तुकड्यांत पानांचे रेखीव ठसे सापडले. सुमारे सोळा किलो दगड त्यांनी स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाडीवर, चढवले. पुन्हा सांगतो, सोळा किलो, आणि तेही स्वतःच्या खांद्यांनी ओढण्यासाठी. पुढे इव्हान्स गेले, ओट्स गेले, उरलेले तिघे अन्नसाठ्यापासून अवघ्या अठरा किलोमीटरवर वादळात अडकून मरण पावले. पण दगड त्यांनी टाकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा ते सोळा किलो दगडही तेथेच होते.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्या पानाची ओळख पटवली. ते पान ग्लॉसोप्टेरिस इंडिका या नामशेष झालेल्या वनस्पतीचे होते. इंडिका, म्हणजे भारतातले.

गोंडवन, म्हणजे ज्यात भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते तो प्राचीन महाखंड, त्याविषयी आपण शाळेत शिकलाच आहात, तेव्हा एवढेच सांगतो की जिभेच्या आकाराचे हे पान आपल्या कामठीच्या वालुकाश्मातही सापडते. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परिसरातील वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले, आणि वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कोराडीच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा त्याच गोंडवन काळातला आहे, त्यामुळे या क्षणी आपल्या कूलरचा पंखा ज्या विजेवर फिरतो आहे, ती विल्सन यांनी ओढून आणलेल्या पानाच्या सोबतीने वाढलेल्या जंगलांतून आलेली असू शकते.

विल्सन यांची अनेक चित्रे आज केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवसंशोधन संस्थेत आहेत, तर ते दगड लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जपलेले आहेत.