चढावर ज्याचा त्याचा वेग

(लांब पल्ल्याच्या सायकल सहलीला निघणाऱ्या गटासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सहलीचा नकाशा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय आणि सगळ्यांची नजर चौथ्या दिवसावर अडकली आहे. त्या दिवशी अंतर कमी आहे, पण चढउताराची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. मला जे प्रश्न आले, ते बहुतेक त्या एका दिवसाबद्दलच. 'मला जमेल ना?' हा पहिला. दुसरा जरा आवाज उतरवून विचारतात: 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर?'

मी या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे. घाटात पाय थकल्यामुळे सायकल सोडून देणारी माणसं मी कमी पाहिली. मागे पडण्याच्या धास्तीने सुरुवातीलाच जीव तोडून पॅडल मारणारी आणि अर्ध्या घाटात गळून जाणारी खूप पाहिली.

सपाटीवर गट खरोखर एकमेकांना ओढत नेतो. तिथे मुख्य झगडा वाऱ्याशी असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याची बरीच ताकद वाचते. पाळीपाळीने पुढे यायचं, दमलो की मागे सरकायचं; कमी ताकदीचा माणूसही गटाच्या वेगाने जातो. तीन दिवस हे अंगवळणी पडतं, आणि चौथ्या दिवशी तीच सवय आपला घात करते.

चढावर वारा बाजूला होतो आणि वजन समोर येतं. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरा. सहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. असा चढ ताशी ८ किलोमीटरने चढायला नुसतं वजन उचलण्यासाठी सुमारे ११८ वॅट लागतात. ताशी १० ने चढायचं तर सुमारे १४७. बघणाऱ्याला या दोन वेगांतला फरक कळणारही नाही, पण पायांना तो चौथाईने जास्त पडतो. पुढच्याच्या चाकाला चिकटून त्यातलं जवळजवळ काहीच वाचत नाही. दहा किलोमीटरचा घाट एकाला तासभर लागेल, दुसऱ्याला सव्वा तास. ही पंधरा मिनिटं म्हणजे कुणाचा आळस नाही, कुणाचा अपराध नाही. ती वजनाची आणि ताकदीची पंधरा मिनिटं आहेत. सपाटीवर ती वाऱ्याच्या आडोशात झाकली जातात, घाटात उघडी पडतात, एवढंच.

म्हणून माझं सांगणं असं की घाटात गट टिकवायचा असेल तर तो घाटाच्या पायथ्याशी सुटा करा. शब्दशः सुटा करा. पायथ्याला थांबा, पाणी भरा, पुढची भेट कुठे ते ठरवा आणि मग कुणी कुणाकडे बघू नका.

आता गिअरबद्दल, कारण इथे माणसं फुकटचा मानीपणा करतात. पुढे २२ दात्यांचं चाक आणि मागे ३४ दात्यांचं, अशी जोडी असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण एक मीटर छत्तीस सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग ताशी पावणेसहा. पाय हलके फिरतात, श्वास ताब्यात राहतो. आता पुढे ३४ आणि मागे २८ असलेली सायकल घ्या. तिच्यावर तोच पावणेसहाचा वेग ठेवायचा तर मिनिटाला ३७-३८ फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जिना चढल्यासारखा गुडघ्यावर भार, आणि असे हजारो फेरे. गुडघा त्या दिवशी बोलत नाही. पाचव्या दिवशी सकाळी बोलतो, आणि सहल अजून अर्धी उरलेली असते. निघायच्या आधी दुकानात जाऊन मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, मोठी करून घ्या. या सहलीसाठी एकच खर्च करणार असाल तर तो हा करा.

गिअर बदलणं म्हणजे कमीपणा, ही समजूत जुनी आहे. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७ सालापर्यंत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगीच नव्हती. तोवर स्वार घाटाच्या तोंडाशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला चढासाठी जास्त दात्यांचं चाक असायचं. २११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड या शर्यतीत पहिल्यांदा आली १९१० साली, आणि ती सगळ्यांत आधी ओलांडणारा ऑक्ताव्ह लापीझ मधेमधे सायकल हातात धरून चालत गेला होता. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. तेव्हा चौथ्या दिवशी उतरून चालावंसं वाटलं तर खुशाल चाला. पाच मिनिटं चालल्याने पाठ मोकळी होते, पायांचे वेगळे स्नायू कामाला लागतात. शेजारून कुणी सायकलवर गेलं तर जाऊ दे.

प्रत्यक्ष चढताना काय होतं, ते सांगतो. पहिला किलोमीटर फसवा असतो. पाय ताजे असतात, बोलणं चालू असतं. मग हळूहळू बोलणं तुटतं आणि चेनचा आवाज ऐकू यायला लागतो. कपाळावरचा घाम हेल्मेटच्या पट्ट्यावरून नाकाच्या शेंड्यावर येतो, तिथे क्षणभर लोंबतो आणि सायकलच्या दांडीवर पडतो. पाच-सहा फेऱ्यांनी पुढचा थेंब. हात हँडल आवळून धरतात आणि ते आपल्याला कळतही नाही. तेव्हा बोटं सोडा, पियानो वाजवल्यासारखी एकदा हलवा. खांदे आपोआप खाली येतील. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही तुमच्या वेगात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी वेगात आहात. वळणांच्या घाटात आतल्या बाजूने चढ जास्त उभा असतो. रस्ता मोकळा असेल आणि आपली बाजू न सोडता जमत असेल तर वळण थोडं बाहेरून घ्या.

खाण्याचं विसरू नका. शरीर खाल्लेल्यातली जेमतेम पाव ऊर्जा पॅडलपर्यंत पोचवतं. नव्वद किलो हजार मीटर वर न्यायला त्यामुळे साडेआठशे-नऊशे किलोकॅलरी खर्च होतात. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दर अर्ध्या तासाला दोन घास, दर काही मिनिटांनी दोन घोट.

आता एक गोष्ट, जी मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका सहलीचा मी प्रमुख होतो. ठरलं होतं, माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं. पुढचे आठ-दहा जण वर पोचले, फोटो झाले, खाणं झालं. घामाने भिजलेले कपडे, त्यात माथ्यावरचा वारा. अर्ध्या तासात सगळे कुडकुडायला लागले. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण थांबायची जागा ठरवताना आठवलं नाही. शेवटच्या ताई वर आल्या. त्यांनी पाय टेकला आणि मी म्हणालो, "चला, निघू या." त्या काहीच बोलल्या नाहीत. बाटलीचं झाकणही न उघडता पुन्हा सायकलवर बसल्या. रात्री जेवताना मला म्हणाल्या, "दादा, आज दिवसभरात मी एकदाही बसले नाही."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. जो सगळ्यांत जास्त वेळ सायकलवर असतो, त्यालाच सगळ्यांत कमी विश्रांती मिळते. ही व्यवस्थेची चूक असते, आणि व्यवस्था माझी होती. तेव्हापासून माझ्या सहलींत तीन गोष्टी बदलल्या. घाटाच्या दिवशी सावकाश चढणारे सकाळी तासभर आधी निघतात. भेटीची जागा माथ्यावर नसते. माथ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, आडोसा असेल तिथे असते. आणि विश्रांतीची वीस मिनिटं शेवटचा माणूस पोचल्यावर मोजायला सुरुवात होते. घाई असेल त्याने पुढे जावं.

उताराबद्दल थोडक्यात, पण हे कान देऊन ऐका. जेवढी ऊर्जा घालून तुम्ही वर गेलात ती उतारावर परत मिळते, आणि ती हवेत आणि ब्रेकमध्येच जिरवावी लागते. ब्रेक सतत दाबून ठेवलात तर रिम तापते, रिमच्या उष्णतेने ट्यूब फुटू शकते. दाबा, वेग पाडा, सोडा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. ताशी २५ ला थांबायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या चौपट ताशी ५० ला लागतं, आणि सामान लादलेल्या सायकलवर अंदाज आणखी चुकतो. जाकीट उतार सुरू व्हायच्या आधी चढवा; बोटं गारठली की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. चढावर तुम्ही सुटे होतात, उतारावरही सुटेच राहा, मध्ये भरपूर अंतर ठेवून.

आणि सगळ्यांच्या मागे एक जण असतो. त्याच्याजवळ पंप, पॅच, चेनची हत्यारं, थोडं जास्तीचं पाणी. तो कुणालाही 'चला लवकर' म्हणत नाही. पुढच्याला एकटं राहायचं असेल तर शंभर मीटर मागे राहतो, बोलायचं असेल तर शेजारी येतो. त्याच्या मागे कुणी नाही, एवढं पुढच्या प्रत्येकाला माहीत असलं की पुरतं. ही जागा कुणाला हवी का, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. बाकीचे दिवस पाळ्या लावू. चौथ्या दिवशी मागे मी आहे.