रोबोटचं चाक हलकं फिरावं म्हणून

[दृश्य: कॉलेजचं वर्कशॉप. टेबलावर उलटा ठेवलेला रोबोट.]

२००८ साली एबीयू रोबोकॉन ही कॉलेजच्या रोबोटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. त्याचं नावच ‘गोविंदा’. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. खेळ दरवर्षी बदलतो, यंत्रही नवं बांधावं लागतं. पण मोटरची ताकद चाकापर्यंत पोचायच्या आतच मुरते, ही तक्रार दरवर्षी वर्कशॉपमध्ये ऐकू येते.

चाळीस किलोचा रोबोट धरू. चार चाकं, म्हणजे एकेका चाकावर साधारण १०० न्यूटन भार. चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, १० मिलिमीटरचा. तो गनमेटलच्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या साध्या नळीत, फिरत असेल आणि घर्षणांक ०.१ च्या आसपास असेल, तर नुसतं फिरवायलाच ५० न्यूटन-मिलिमीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जातो. बुशच्या जागी साधं बॉल बेअरिंग आलं की घर्षणांक ०.००१५ वर उतरतो आणि टॉर्क पाऊण न्यूटन-मिलिमीटरवर. साठपटीहून जास्त फरक. एवढं मिळाल्यावर पुढची निवड सोपी वाटते, पण गल्लत तिथेच होते.

[दृश्य: दुकानाचा काउंटर. दोन बेअरिंगं शेजारी शेजारी.]

ही दोन्ही ६०८ नंबरची. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटच्या चाकात असतात तीच. एकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं आहेत, ते झेडझेड. दुसऱ्याला रबरी सील, ते टूआरएस. रबराची कड आतल्या रिंगला घासते, म्हणून टूआरएस हाताला जड लागतं. चिखलात किंवा पाण्यात चालणाऱ्या यंत्राला ते हवंच. स्पर्धेच्या स्वच्छ मैदानावर झेडझेड पुरतं.

आता बोटाने फिरवून पाहायची सवय. ग्रीस धुऊन काढलेलं बेअरिंग बराच वेळ फिरत राहतं आणि बघणारा खूश होतो. पण बोटावर त्याला भारच नसतो. त्या चाचणीत दिसतो तो मुख्यतः ग्रीसचा आणि सीलचा विरोध. तेच कोरडं बेअरिंग चाकात घातलं की छर्रे आणि रिंग एकमेकांना खात सुटतात. ग्रीस काढू नका. फार तर हलकं तेल घाला, आणि ते वरचेवर घालायची तयारी ठेवा. डब्यावरचा एबेक (ABEC) आकडा बेअरिंगच्या मापांची अचूकता सांगतो, घर्षण नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांचा फायदा मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या स्पिंडलला होतो. तीनशे-चारशे फेऱ्यांच्या चाकासाठी ते पैसे चांगल्या मोटरवर घालवावेत, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: दोन अॅल्युमिनियम प्लेटा, मधून जाणारा शाफ्ट.]

खरं घर्षण इथे जन्माला येतं. ६०८ च्या छर्ऱ्यांना आत मोकळीक असते २ ते १३ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड. भोक घट्ट, शाफ्टही घट्ट, की ती मोकळीक संपते आणि नवंकोरं बेअरिंग खरखरायला लागतं.

दुसरं कारण तिरकेपणा. प्लेटांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय, असं समजा. शाफ्ट सतरा कला तिरका झाला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). साधं बॉल बेअरिंग जेमतेम दोन ते दहा कला सोसतं. म्हणून दोन्ही प्लेटा एकत्र आवळून भोकं एकाच वेळी पाडावीत आणि शेवटचा हात रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, फिरवावा. ते जमणार नसेल, तर स्वतःला जुळवून घेणारा प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंग बसवलेला तयार ठोकळा, घ्यावा. जड असतो, पण शाफ्ट अडकत नाही.

स्पेसरकडेही बघा. दोन बेअरिंगांच्या आतल्या रिंगांमध्ये अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर, थोडा जरी आखूड पडला, तरी नट आवळताच छर्रे आडवे दाबले जातात. आणि बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवर, भोकात बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट ठोकलं तर धक्का छर्ऱ्यांमधून जातो, रिंगवर खळगे पडतात आणि ते कुठल्याही तेलाने भरत नाहीत.

[दृश्य: शाफ्टला गुंडाळलेला दोरा, खाली लटकणारी वजनं.]

हे सगळं मोजता येतं. मोटर सोडवून ठेवा. शाफ्टवर दोरा गुंडाळा, टोकाला वजन लावत जा आणि शाफ्ट किती वजनाला फिरायला लागतो ते लिहून ठेवा. १० मिलिमीटरच्या शाफ्टवर २० ग्रॅम म्हणजे साधारण एक न्यूटन-मिलिमीटर. मग प्लेटांचे बोल्ट एकेक करून आवळा आणि प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा मोजा. ज्या बोल्टला आकडा एकदम उडी मारेल, तो सैल करा आणि त्या प्लेटचं भोक तपासा.