झिगझॅगच का, झॅगझिग का नाही?

मंडळी, आधी एक छोटी कवायत करू. माझ्यामागून म्हणा: झॅगझिग. टॉकटिक. डाँगडिंग. पाँगपिंग. आलं ना हसू? इंग्रजीशी फारसं देणंघेणं नसलेल्या माणसालाही कळतं, की इथे काहीतरी उलटं पडलंय. मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलांनी स्पेलिंगं मोडली, काळ मोडले, 'द' तर वाटेल तिथे टाकला. पण झिगझॅगचं झॅगझिग कुणी केलं नाही. आणि हा नियम मी त्यांना कधीच शिकवलेला नव्हता!

नियम साधा आहे. जोडीत नुसता स्वर बदलत असेल, तर इंग्रजीत आधी 'इ' येते, मग 'ॲ' किंवा 'ऑ'. चिटचॅट, निकनॅक, रिफरॅफ, डिलीडॅली, फ्लिपफ्लॉप, हिपहॉप. तीन स्वर असले तरी तोच क्रम, म्हणून टिक-टॅक-टो. हा क्रम किती हट्टी आहे, ते 'शिलीशॅली'त दिसतं. अर्थ चालढकल, 'करू की नको' असं घुटमळणं. मूळ बोलणं होतं, 'शॅल आय? शॅल आय?' म्हणजे 'करू का? करू का?'. दोन्हीकडे एकच शब्द. पण इंग्रजांच्या जिभेला ते रुचेना. तिने पहिल्या 'शॅल'चा 'शिल' केला आणि मगच तिचं समाधान झालं.

'क्रिसक्रॉस'चीही तीच तऱ्हा. तो मुळात जोडशब्दच नाही. लहान मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीवर आरंभी क्रूस काढलेला असे, आपल्याकडच्या श्रीकारासारखा. त्याला म्हणत ख्राइस्ट-क्रॉस. त्यातला ख्रिस्त झिजत झिजत गेला आणि उरली आडव्याउभ्या रेघांची नक्षी.

आधी 'इ' का, यावर पुष्कळ तर्क आहेत. 'इ' म्हणताना जीभ वर आणि पुढे असते, 'ऑ' म्हणताना खाली आणि मागे जाते. कुणी म्हणतं, चिमुकल्याकडून मोठ्याकडे जाण्याची ही ओढ. कुणी म्हणतं, माणसाच्या तोंडाची घडणच तशी. मला हे शेवटचं पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच घरात आहे. हिंदी माणूस म्हणतो 'ठीकठाक'. तुम्ही-आम्ही काय म्हणतो? ठाकठीक! आधी 'आ', मग 'ई'. टापटीप बघा, घासाघीस बघा, सामसूम, साधासुधा, ताटातूट, खाडाखोड. मराठी आधी तोंड उघडते, मग आवरतं घेते. यातल्या काहींची दोन्ही अंगं स्वतंत्र शब्दांतून आली असतील, असं व्याकरणवाले म्हणतील, म्हणोत. एकटी 'टापटीप' घेतली तरी माझं काम भागतं. तोंड तेच, दात तेच, क्रम मात्र उलटा.

यमकाच्या जोड्यांत मात्र दोन्ही भाषा बऱ्याच जवळ येतात. इंग्रजीत अशा कितीतरी जोड्या 'ह'ने सुरू होतात: होकस-पोकस, हँकी-पँकी, हॉजपॉज, हर्ली-बर्ली, हिगल्डी-पिगल्डी. 'ह' म्हणजे नुसता श्वास. दुसऱ्या अंगाला 'प' किंवा 'ब' आला, की ओठ मिटतात. आता मराठी ऐका: अघळपघळ, अदलाबदल, आजूबाजू, इडापिडा, अवतीभवती. आपल्याकडे 'ह'ऐवजी नुसता स्वर, पण पुढे ओठांचा खेळ तोच.

कधीकधी या खेळात माणूस चिरडतो. अँब्रोज फिलिप्स नावाचा इंग्रज कवी बड्या घरच्या लेकरांवर गोग्गोड कविता लिहायचा. १७२५ मध्ये हेन्री केरी याने त्याची टर उडवली. अँब्रोजचं लाडकं 'अँबी', त्याचं 'नँबी', आणि त्याला यमक 'पँबी'. झालं! आजही मिळमिळीत, लाडावलेल्या वागण्याला इंग्रजीत 'नँबी-पँबी' म्हणतात. बिचाऱ्याच्या कविता कुणी वाचत नाही, टोपणनाव मात्र जगभर फिरतंय.

'हॉब्सन-जॉब्सन'ची गोष्ट तर इथल्याच रस्त्यांवरची. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश चालायचा. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचं हॉब्सन-जॉब्सन केलं. दुसरा 'ह' यमकासाठी 'ज' झाला, आणि शोकाच्या हाकेची दोन विनोदी साहेबांची नावं झाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा जो जाडजूड कोश केला, त्याला हेच नाव दिलं. तो १८८६ मध्ये निघाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारला होता. कोश फार मोलाचा आहे, मी तो वरचेवर उघडतो. पण ते नाव वाचताना दर वेळी जरा खुपतं.

शेवटी 'चहाबिहा'. इंग्रजीत याला खरा भाऊ नव्हता, तो यिडिश बोलणाऱ्या ज्यू स्थलांतरितांनी अमेरिकेत नेला: फॅन्सी-श्मॅन्सी. शब्द पुन्हा म्हणायचा आणि त्याच्या तोंडाला 'श्म' लावायचा. फरक एवढाच, की 'श्म'मध्ये तुच्छता असते. आपला 'बि' दोन्ही कामं करतो. 'चहाबिहा घेणार का?' हा पाहुणचार, आणि 'साहेबबिहेब मी ओळखत नाही' ही धमकी.

'श्म'ची पंचाईत एकच: शब्दच 'श्म'ने सुरू होत असेल तर काय करायचं? मग मी म्हटलं, आपली तशीच पंचाईत बघू, आणि तुम्हाला विचारलं: बिस्किटाचं काय कराल? मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, 'बिस्किटंफिस्किटं'. दुसऱ्या म्हणाल्या, 'बिस्किटंटिस्किटं'. आणि पुढे बसलेले आजोबा म्हणाले, 'आमच्याकडे खारीच असते.'